‘ॲड्रिनल थकल्यात’ म्हणून मीठपाणी पिण्याआधी

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. सकाळी उठवत नाही, पोट सुटलंय, चेहरा गोल झालाय, मध्येच धडधडतं? मग ताणामुळे तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्यात. तपासणीत हे दिसत नाही. रोज संत्र्याच्या रसात मीठ घालून प्या. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि शेवटचा तर काहींना घातक ठरेल.

‘ग्रंथी थकतात.’ मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या या ग्रंथी ताणाने रिकाम्या होतात, याला पुरावा नाही. २०१६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हाच निष्कर्ष निघाला. त्या खरोखर निकामी होतात तो ॲडिसनचा आजार. आपल्याकडे क्षयरोगानेही तो होतो. त्यात वजन घटतं, कातडी काळवंडते, बीपी उतरतं. पोट सुटण्याच्या अगदी उलट.

‘गोल चेहरा, मोठं पोट हे थकव्याचं लक्षण.’ बहुतेकांचं वजन साध्याच कारणांनी वाढतं. पण सोबत पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे असतील, जरा लागलं तरी काळंनिळं होत असेल, उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नसेल, नव्याने मधुमेह किंवा बीपी निघालं असेल, तर कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथींतून येणारं ताणाचं संप्रेरक) कमी नाही, जास्त असण्याची शंका घ्यावी. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. कारण ॲड्रिनलमधली किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमधली गाठ असू शकते. सर्वांत जास्त वेळा मात्र ते बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड असतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही ते मिसळलेलं सापडतं.

‘तपासणीत दिसत नाही.’ कॉर्टिसॉल जास्त असेल तर दिसतं. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी माणसाचं ते खाली येतं, गाठ असलेल्याचं सहसा येत नाही.

धडधडीचंही तसंच. अचानक डोकं ठणकणं, दरदरून घाम, धडधड, बीपी भडकणं, थोड्या वेळात सगळं शांत, आणि पुन्हा तेच. अशा झटक्यांना ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. फिओक्रोमोसायटोमा ही ॲड्रिनलमधली गाठ दुर्मीळ आहे, पण मेटानेफ्रिन्सच्या (ॲड्रिनॅलिनपासून बनणाऱ्या पदार्थांच्या) तपासणीने तिचा माग लागतो. आधी औषधांनी बीपी आवरून मग शस्त्रक्रिया केली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

आता मीठ. १९५५ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन यांनी अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ राखणारं ॲड्रिनलचं संप्रेरक) बनवणाऱ्या गाठीचा आजार मांडला. त्यात शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. बीपी चढतं, हृदय आणि मूत्रपिंडं झिजतात. अल्डोस्टेरॉन जास्त होण्याचा हा आजार दुर्मीळ नाही. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी निदान ५ ते १० टक्क्यांना तो असतो, आणि अनेकांचं पोटॅशियम नॉर्मलच येतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. अशा माणसाला रोज मीठ पाजायला सांगणं म्हणजे त्याचा आजार वाढवणं. तीन औषधांनीही बीपी आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन-रेनिन या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा.

आणि हे वाचून कुणी सांधेदुखीची ती पुडी लगेच बंद करू नका. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की ग्रंथींनी स्वतःचं काम थांबवलेलं असतं. ते एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा हळूहळू कशी उतरवायची ते तेच ठरवतील.