रिकामा चौकोन आणि न विचारलेला प्रश्न

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी सुचवलं होतं ते असं: वेबफॉर्मवरचा टिक लावायचा चौकोन, म्हणजे चेकबॉक्स, रिकामा असेल तर ब्राउझर तो सर्व्हरकडे (फॉर्म घेणाऱ्या संगणकाकडे) पाठवतच नाही, म्हणून त्याच्याच नावाचं, ‘0’ किंमतीचं, पानावर न दिसणारं फील्ड सोबत ठेवा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चेकबॉक्ससाठी लपलेल्या फील्डचा एवढा खटाटोप कशाला, सर्व्हरवर ‘नाव आलं नाही तर नाही धरा’ ही एक ओळ पुरते. शिवाय एकाच नावाची दोन फील्डं पाठवणं हा जुगाड आहे, कोणती किंमत (व्हॅल्यू) टिकेल ते नशिबावर. आणि जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या साधनात, तर हे सगळं आपोआपच होतं.

नशिबाचा मुद्दा आधी, तो लवकर मिटतो. ब्राउझर फील्डं पानावरच्या क्रमानेच पाठवतो. एका नावाच्या दोन किंमती आल्या तर वेबसाइट बनवायच्या साधनांपैकी रेल्स, पीएचपी आणि जँगो शेवटची धरतात, म्हणून रेल्सचा हेल्पर (चेकबॉक्सचं एचटीएमएल लिहून देणारं तयार फंक्शन) ‘0’ वालं लपलेलं फील्ड चेकबॉक्सच्या आधी ठेवतो. फ्लास्क या पायथनच्याच दुसऱ्या साधनात त्या नावाची साधी मागणी केली तर पहिली किंमत मिळते. रेल्सची युक्ती तिथे तशीच उचलली तर टिक लावूनही ‘0’ च हाती येतो. त्यात पायथन ‘0’ हा मजकूर खरा मानतो, म्हणजे तपासणी कशी लिहिली त्यावर फॉर्म भरणारे सगळेच ‘हो’ किंवा सगळेच ‘नाही’! मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट एमव्हीसीसुद्धा पहिली किंमत धरतं, म्हणून तिथे लपलेलं फील्ड चेकबॉक्सच्या नंतर येतं. नियम न बघता युक्ती उचलू नये, एवढं तुमचं मला पूर्ण मान्य आहे.

आता तुमची ती एक ओळ. टिक नसलेला चेकबॉक्स पाठवायचाच नाही, हे वेबपानांच्या भाषेच्या 1995 च्या आवृत्तीपासून, एचटीएमएल 2.0 पासून, ठरलेलं आहे. त्यामुळे सर्व्हरला त्याबद्दल काहीच कळत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद नोंदणी घ्या. फॉर्मवर ‘ओलिताची सोय आहे’ असा चौकोन आहे. वावर कोरडवाहू असेल तर तो रिकामा राहतो, आणि तुमची ओळ बरोबर चालते. आता त्याच नोंदीसाठी दुसरं छोटं पान करा, फक्त मोबाइल नंबर बदलायला. त्यावर ओलिताचा चौकोनच नाही. दोन्ही पानं एकाच अपडेट फंक्शनकडे गेली की तुमची ओळ म्हणणार, नाव आलं नाही म्हणजे ओलित नाही. ज्याच्या वावरात विहीर आहे त्याने नंबर बदलला आणि तो कोरडवाहू होऊन बसला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. रब्बीत गव्हाचं बियाणं ओलितवाल्यांच्या यादीवरून वाटायचं ठरलं, तर त्याचं नाव निघणारच नाही. का निघालं नाही, हे संगणकावर बसलेल्या पोरालाही सांगता येणार नाही. मला याचंच वाईट वाटतं, कारण फॉर्म भरताना त्या माणसाने काहीच चुकीचं केलेलं नसतं.

लपलेलं फील्ड सर्व्हरला एवढंच कळवतं की हा प्रश्न या पानावर विचारला होता. ‘0’ आला तर विचारला आणि टिक नाही. काहीच आलं नाही तर विचारलाच नाही, जुनी किंमत राहू द्या.

जँगो यातून सोडवत नाही. फॉर्म क्लासमध्ये (कोडमधल्या फील्डांच्या यादीत) फील्ड आहे आणि टेम्प्लेटवर, म्हणजे दिसणाऱ्या पानाच्या साच्यात, नाही, असं झालं तर तोही ‘नाही’ च धरतो. म्हणून नंबर बदलण्यासाठी वेगळा फॉर्म क्लास करा, त्यात फक्त नंबर ठेवा. आणि फॉर्म क्लासमध्ये आपण स्वतः लिहिलेलं बूलियन (हो/नाही) फील्ड मुळात सक्तीचं असतं, म्हणजे टिक लावावीच लागते. सक्ती काढली नाही तर कोरडवाहूवाल्याचा फॉर्म पुढेच जात नाही.

हाताने लिहिलेल्या फॉर्मात आणखी एक खोच आहे. चेकबॉक्स डिसेबल (वापरता न येणारा) केला की तो पाठवला जात नाही, पण शेजारचा लपलेला ‘0’ मात्र जातो. डिसेबल करायचं तर दोन्ही करा. कापूस, तूर, सोयाबीन अशा पिकांच्या यादीलाही हेच लागू: एकही टिक नसेल तर यादीच येत नाही.

ज्या उत्तरावर कोणाला काही मिळणार आहे, तिथे मी चेकबॉक्स ठेवतच नाही. ओलितासाठी ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी दोन रेडिओ बटणं, आधीपासून एकही निवडलेलं नाही, आणि डेटाबेसच्या रकान्यात नल, म्हणजे ‘उत्तर माहीत नाही’, चालेल अशी सोय. तुमच्याकडे नोंद बदलणारं एकच पान असेल तर तुमची ओळ राहू द्या. दुसरं पान जोडाल तेव्हा आधी ती ओळ शोधून काढा.