‘त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा मेसेज पुढे पाठवू नका

पुणे जिल्ह्यात भोर-वेल्ह्याकडच्या बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘अंगावरून पांढरं किंवा रक्त जात नसेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करू नका. खेड्यातल्या बायका तशाही लाजेपायी येत नाहीत. मुलं झाली की पिशवी काढून टाका, काळजी मिटते.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

त्रास सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा कॅन्सर झालेला असतो. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात आणि एवढा काळ बाईला काहीच जाणवत नाही. तपासणी असते ती याच काळासाठी. म्हणून सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची, त्रास असो वा नसो, दर ५ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. ‘व्हीआयए’ तपासणीत नर्स गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावते, मिनिटभर थांबते आणि पांढरा चट्टा, म्हणजे पेशी बिघडू लागल्याची खूण, उठतो का ते बघते. भूल नाही, टाका नाही, रिपोर्टसाठी पुण्याला हेलपाटा नाही.

बायका येत नाहीत म्हणे! उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तपासणीला बोलावलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के आल्या. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, निम्म्यावर आले. तिथल्या बायका येतात, तर आपल्याकडच्या का येणार नाहीत? पण शिबिर ऐन भातलावणीत ठेवलं, तपासायला पुरुष डॉक्टर आणि खोलीला धड पडदा नाही, तर शहरातलीही फिरकणार नाही. तिच्या कामाची वेळ बघा, ओळखीची आशाताई सोबत द्या. तरीही संकोच वाटला तर स्वतःच स्वॅब घेऊन एचपीव्ही चाचणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती पद्धत मान्य केली आहे.

आता पिशवीचं. चट्टा लहान असेल तर तो गोठवून किंवा उष्णतेने जाळून काही मिनिटांत काढता येतो, बाई त्याच दिवशी घरी जाते. त्यासाठी निरोगी पिशवी काढायची म्हणजे मोठं ऑपरेशन, डोक्यावर कर्ज, आणि सोबत अंडाशयही काढले तर तिशी-चाळिशीतच हाडं ठिसूळ. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना कशा काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये उभ्या महाराष्ट्राने ऐकलंय.

तुमच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या वारी होते ते विचारा आणि तो वार ग्रुपवर टाका. होत नसेल तर ग्रामसभेत विषय काढा.