फ्लोराईड खडकातून येते, आणि उकळून ते जात नाही

गेल्या आठवड्यात वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्याने तिच्या मोबाईलवरचा एक संदेश माझ्यासमोर धरला. भजनी मंडळाच्या गटावरून आलेला हा संदेश महिन्याभरात मला चौघांनी पाठवला होता आणि मी तो दर वेळी पुसून टाकला होता. या वेळी गप्प राहणे शक्य नव्हते, कारण आत्याने तो छोटा उदेपूर जिल्ह्यातील कवांट तालुक्यात शिक्षिका असलेल्या माझ्या भाचीला काळजीपोटी पाठवला होता, आणि तिच्या शाळेतील काही मुलांच्या घरी त्याबरहुकूम पाणी चुलीवर आटवायला सुरुवातही झाली होती. संदेशाचे म्हणणे असे: फ्लोराईड हे कारखान्यांनी जमिनीत सोडलेले रसायन आहे, निसर्गात ते नसतेच, म्हणून ज्या गावाजवळ कारखाना नाही तिथले पाणी निर्धोक, बोअर जितकी खोल तितके पाणी शुद्ध, आणि शंका आलीच तर पाणी वीस मिनिटे खळखळून उकळावे किंवा त्यात तुरटी फिरवावी, म्हणजे सारे फ्लोराईड निघून जाते.

उकळण्याचा सल्ला सर्वांत घातक असल्यामुळे त्यापासूनच सुरुवात करतो. फ्लोराईड हा जंतू नव्हे की उष्णतेने मरावा, आणि वायूही नव्हे की वाफेबरोबर उडून जावा. तो पाण्यात विरघळलेला क्षार आहे. आमटीत मीठ जास्त पडले तर ती आणखी उकळून खारटपणा कमी होत नाही, वाढतो, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराईड असलेले एक लिटर पाणी आटून पाऊण लिटर उरले, तर त्याच पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराईड होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ च आहे. म्हणजे जी आई मुलाच्या दातांच्या काळजीने लाकडे जाळून पाणी आटवते आहे, ती त्याला पूर्वीपेक्षा जास्त फ्लोराईड पाजते आहे, आणि तेही नेमके ज्या वयात हिरडीखाली कायमचे दात घडत असतात त्या वयात. तेव्हा पडलेले पांढरे, पुढे तपकिरी होणारे डाग दाताच्या कवचातच असतात. घासून ते निघत नाहीत. मोठ्या प्रमाणातील फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मान, पाठ आणि सांधे आखडतात आणि माणूस वाकतो. कावीळ, विषमज्वर आणि जुलाब टाळण्यासाठी पाणी अवश्य उकळावे, पण ते जंतूंसाठी, आणि आटवायचे मुळीच नाही.

आता कारखान्यांविषयी. १९३७ साली शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी या तिघांनी आजच्या आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये आढळलेल्या फ्लोराईडजन्य विकाराची नोंद ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केली. यातील सी. जी. पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. नेल्लोरच्या त्या खेड्यांत १९३७ साली कोणता रासायनिक कारखाना होता, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. तिथल्या लोकांनी विहिरीचे पाणी प्यायले होते, आणि त्या पाण्यात फ्लोराईड खडकातून आले होते.

ते येते कसे, हे समजणे कठीण नाही. ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या खडकांतील काळे अभ्रक, हॉर्नब्लेंड, ॲपेटाइट आणि फ्लोरस्पार या खनिजांत फ्लोराईड मुळातच बांधलेले असते. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरते, खडक झिजवत जाते आणि हळूहळू क्षारयुक्त होते. अशा पाण्यात अभ्रकातले फ्लोराईड सुटे होते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून ठेवते आणि त्याचे प्रमाण फार चढू देत नाही, पण तेच कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने वाटेत बसून गेले, तर फ्लोराईडला अडवणारे काही उरत नाही. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस छान येतो म्हणून ज्या बोअरच्या मऊ पाण्याचे कौतुक होते, त्या पाण्यात कॅल्शियम कमी असते, म्हणून त्याची तपासणी आधी करावी असे मला वाटते. फ्लोराईडला या प्रमाणात ना रंग असतो, ना वास, ना चव.

आणि हा संदेश कवांट तालुक्यात जावा, याचे मला फार वाईट वाटते. तिथे कडीपाणीजवळ अंबाडोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काळात तयार झालेल्या या डोंगरात फ्लोरस्पारचा, म्हणजे कॅल्शियम फ्लोराईडचा, देशातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, आणि गुजरात खनिज विकास निगमाची खाण तिथेच आहे. ज्या डोंगरातून फ्लोराईडचे खनिज खणून काढले गेले, त्याच्या परिसरात ‘निसर्गात फ्लोराईड नसते’ हे वाक्य फिरते आहे. ते पुढे पाठवणारे आपण शहरातले लोक आजवा तलावाचे आणि मही नदीचे पाणी पितो, त्यामुळे ही बाधा आपल्या दारापर्यंत आलेलीच नाही.

कारखान्यांना मी दोषमुक्त करत नाही. फॉस्फेट खतांचे कारखाने, ॲल्युमिनियमच्या भट्ट्या आणि विटांच्या भट्ट्याही फ्लोराईड बाहेर टाकतात, आणि वडोदऱ्याभोवतीच्या रासायनिक वसाहतींच्या सांडपाण्याविषयी लोकांचा राग रास्त आहे. पण त्यावरून ‘कारखाना नाही तिथे धोका नाही’ असे सांगणे म्हणजे ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच तपासणीपासून परावृत्त करणे होय.

खोल बोअरविषयी थोडेच पुरे. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात अधिक काळ राहिलेले असते, म्हणून कठीण खडकाच्या प्रदेशात पावसाने भरणाऱ्या उथळ विहिरीपेक्षा त्यात फ्लोराईड अधिक सापडणे नवलाचे नाही. उत्तर गुजरातेतल्या मेहसाणा भागात तर गाळाच्या थरांतल्या खोल बोअरनीही हाच अनुभव दिला आहे. तुरटीच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी वापरतात, पण ती चुन्याच्या जोडीने, पाण्यातील फ्लोराईड आणि क्षारता मोजून ठरवलेल्या मोठ्या मात्रेत, नंतर पाणी ढवळून, गाळ बसू देऊन वरचे पाणी काढून घेतात. हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवल्याने गढूळपणा बसतो, फ्लोराईड बसत नाही.

भाचीला मी सांगितले आहे की मुलांच्या घरी पाणी आटवणे आजच थांबवायला सांग, आणि शाळेच्या हातपंपाचा व गावातल्या प्रत्येक बोअरचा नमुना वेगवेगळा घेऊन जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत दे. नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायचा. एकाच गावात दोन बोअरच्या आकड्यांत मोठा फरक निघू शकतो, आणि त्यांतली एखादी मर्यादेत बसली तर पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी तिथूनच भरायचे, बाकीच्यांचे धुण्याभांड्यांना वापरायचे. आत्याने आपल्या गटावर दुरुस्ती टाकायचे कबूल केले आहे. मजकूर मी लिहून दिला आहे.