समन्वय साधावा, पण बेताने

आपत्ती व्यवस्थापनवाले आणि हवामान बदलाशी जुळवून घ्या सांगणारे, या दोन मंडळींची गाठ घालून द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय का? घाबरू नका. थोडी पथ्यं पाळलीत तर दोघं भेटतील, चहा पितील आणि कुणाचंही काही बिघडणार नाही.

आधी पाणी वाटून घ्या. ओढ्यात राडारोडा पडतोय तोवर तो हवामानवाल्यांचा विषय. तेच पाणी पार्किंगमध्ये शिरलं की आपत्तीवाल्यांचा. आपत्तीवाल्यांचा सेंदाई आराखडा मार्च २०१५चा, हवामानवाल्यांचा पॅरिस करार त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. पाठची भावंडं! म्हणून काय दोघांच्या फायली एका कपाटात ठेवायच्या?

बैठक मे महिन्यात मुळीच ठेवू नका. नालेसफाईच्या दिवसांत काहीतरी ठरून बसायचं. दिवाळीनंतर बरं. भिंतीवर पूररेषांचा नकाशा हवाच: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. रंगीत नकाशाने हॉलला शोभा येते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, हे सांगताना आवाज खाली आणावा आणि लगेच पुढची स्लाइड घ्यावी.

निमंत्रणांच्या यादीवर मात्र नजर ठेवा. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं, ते पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या ड्रायव्हरच्या. तो कुठल्याही कार्यगटात नव्हता. असली माणसं आली की विषयपत्रिका कोलमडते.

आमच्या ओळखीच्या एक काकू सिंहगड रस्त्याला, एकतानगरीत तळमजल्यावर राहतात. जुलै २०२४च्या पाण्याची रेघ त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने मारून ठेवलीय, मिक्सरच्या प्लगच्या वर चार बोटं. त्यांचा भाचा खडकवासल्याला, धरणापाशी असतो. 'आत्या, विसर्ग वाढवलाय गं,' एवढा त्याचा फोन आला की काकू सिलिंडर ओट्यावर चढवतात, रेशनकार्डाची पिशवी गळ्यात अडकवतात आणि वरच्या जोशीकाकूंचं दार वाजवतात. ना आराखडा, ना लोगो.

यांना चुकूनही बोलावू नका. गेल्या खेपेला कुणीतरी बोलावलं होतं. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी माइकही न घेता विचारलं, "पाणी सोडणार हे आम्हाला आदल्या रात्री सांगायचं काम तुमच्यातल्या कुणाचं?"

दोन्ही मंडळींनी एकमेकांकडे बोट दाखवलं. एकाच वेळी. त्या दिवसातला तेवढाच समन्वय.