जुनं ते सोनं, भावसुद्धा सोन्याचाच

घरात वीतभर कोपरा रिकामा दिसला की ज्यांचा जीव कासावीस होतो, अशा तमाम सांगलीकरांसाठी हा फुकटचा सल्ला. परवाच्या रविवारी विश्रामबागेत एका मंगल कार्यालयात ‘व्हिंटेज बाजार’ भरला होता. साडेचार हजार घालवून आलोय, त्यामुळे या विषयात बोलायचा मला अधिकार आहे.

पहिलं म्हणजे त्याला जुना बाजार म्हणू नका. जुन्या बाजारात जमिनीवर गोणपाट असतं, त्यावर किल्ली हरवलेली कुलपं असतात आणि मालक बिडी विझवत ‘बोला, किती देताय?’ म्हणतो. इथं टेबलावर पांढरीशुभ्र चादर असते आणि दाढीवाला मुलगा आपल्याला ‘अंकल’ म्हणतो. गोणपाटावरची समई चादरीवर आली की तिचं वय आणि भाव एकदमच वाढतात.

लोहचुंबक नेऊ नका. पितळेला चुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलो होतो, म्हणून मी फ्रीजवरचा गणपती खिशात घालून गेलो. ‘अस्सल पितळी’ घंगाळाला तो असा बसला की दोन्ही हातांनी ओढावा लागला. शेजारच्या बाई माझ्याकडेच रागानं बघत होत्या.

मोडी लिपी वाचता येत असेल तर विसरा.

वस्तू उलटी करून बघू नका. शिवकालीन मापट्याच्या बुडाला ‘१ लिटर’ असा ठसा होता. ब्रिटिशांच्या काळातल्या काळ्या टेलिफोनमागे आय. टी. आय., बंगलोर लिहिलेलं होतं. तो टेलिफोनचा सरकारी कारखाना १९४८चा. इंग्रज जाताना ऑर्डर देऊन गेले असावेत.

आणि वय विचारूच नका. मी पानाच्या डब्याचं विचारलं. ‘अंकल, टू हंड्रेड इयर्स. सरदार घराण्यातला पीस आहे.’ कुठलं घराणं? ‘ते सांगता येत नाही.’ मी म्हटलं, बाबा रे, शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू विकायचा धंदा करायचा तर १९७२च्या कायद्यानं सरकारी परवाना लागतो, तो दाखव. दाढी जरा थबकली. ‘मग साठ वर्षांचा धरा.’ आणि किंमत? ‘साडेचार हजार. फिक्स.’ उभ्या उभ्या एकशे चाळीस वर्षं उडाली, एक रुपया उतरला नाही! तरी घेतला. का घेतला? कारण आमची ही म्हणाली, ‘टीव्हीखाली छान दिसेल, आणि तुमचा कायदा घरी शिकवा.’ घरी आल्यावर चिंच लावून घासला. दोनशे वर्षांचा काळपटपणा दोन मिनिटांत मोरीत गेला. बुडाला हिरवी बनात चिकटवली होती, ती सोलली तर खाली बारकोड! सरदारांच्या वाड्यावर स्कॅनर होता म्हणायचा. फोन केला तर ‘अंकल, आम्ही लुक विकतो.’ लुक! अरे, मग पाटीवर तसं लिही की! सरदार कशाला मध्ये आणतोस?

एका शिसवी कपाटाच्या पायांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडवी पांढरी रेघ होती. ‘नॅचरल एजिंग, सर.’ हे सांगलीत सांगतोय! ती रेघ आमच्या भिंतीवर अजून आहे. ऑगस्ट २०१९चा पूर. कुणाचं तरी कपाट असणार ते, चिखलासकट दोन-तीनशेला दिलेलं.

त्याच्याच पलीकडे तांब्याचा बंब होता. तोटीपाशी पोचा आलेला, आत प्लास्टिकची फुलं खोचलेली. भाव अठरा हजार. आमचाही असाच होता. पूर ओसरल्यावर मी तो हातगाडीवर चढवला, किलोनं. आई दारात उभी होती. ‘राहू दे रे,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘ठेवायचा कुठं?’

हसताय काय? तुम्ही काय वेगळं केलंत? आजीची परात मोडीत घालताना किलोमागं पाच रुपयांसाठी तुम्ही पाऊण तास घासाघीस केलीत. कल्हईवाला गल्लीत ओरडत यायचा तेव्हा त्याचे पैसे तुम्हाला जास्त वाटले, मग आंबट वरण कळकतं म्हणून सगळं पितळ माळ्यावर टाकलंत आणि स्टीलचा सेट आणलात. पाटा अंगणात उपडा घालून त्यावर चपला काढल्यात. आता तीच परात भिंतीला टांगायला हजारो रुपये मोजता आणि पाहुण्यांना सांगता, ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे.’ पूर्वीपासून होती! विकलीत तुम्ही! त्या दाढीवाल्याला शिव्या देऊन काय होणार, त्याचं अर्धं दुकान आपल्याच माळ्यावरून उतरलंय, आणि आपल्याला घरातली खरी वस्तू ओळखता येत नाही म्हणून उरलेलं अर्धं खोटं खपतंय. घरात म्हातारं माणूस असेल तर हातगाडी बोलवायच्या आधी त्याला विचारा तरी. मी विचारलं नव्हतं.

पानाचा डबा टीव्हीखाली आहे. रिमोटचे जुने सेल ठेवतो त्यात. आईनं एकदा उघडून बघितला, झाकण लावलं आणि विचारलं, ‘चुन्याची डबी कुठाय याची?’