जुनी स्पोर्ट्स कार घेताना काय काय तपासू नये

तुम्ही इंग्लंडात राहता. दारात सात सीटांची समंजस गाडी उभी आहे, आणि रात्री घर झोपलं की तुम्ही फोनवर २००५ ची माझदा आरएक्स-८ बघत बसता. लाल रंग, किंमत दोन हजार पौंडांच्या आतबाहेर. अभिनंदन, निर्णय झालेला आहे. आता फक्त चौकशी उरली. ती निर्णयाला धक्का न लावता कशी करायची, तेवढंच सांगतो.

इंजिनाबद्दल वाचा, पण अर्धंच. अर्धं असं: यात पिस्टन नाहीत. दोन त्रिकोणी रोटर बंद डब्यात गरगरतात. इंजिन जेमतेम १.३ लिटरचं, पण तगड्या मॉडेलात २३१ अश्वशक्ती, आणि काटा मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतो. २००३ साली याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब मिळाला. इथं थांबा, कारण पुढे ‘अ‍ॅपेक्स सील’ हा शब्द येतो. रोटरच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पातळ पट्टी असते, ती भिंतीला घासत दाब धरून ठेवते. पट्टी झिजली की दाब गेला, दाब गेला की इंजिन उघडायचं, आणि ते बिल गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतं. चुकून हे वाचलंच असेल तर ‘ज्यांनी नीट सांभाळली नाही त्यांचं असं होतं’ हे वाक्य पाठ करा. तुमच्या गाडीला तर आधी सहा मालक झालेत. म्हणजे सहा जणांनी सांभाळली.

कोणी म्हणेल, कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. साध्या गॅरेजातलं यंत्र इथं चालत नाही, रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवणारं खास यंत्र लागतं. ते ज्याच्याकडे आहे तो दोन गावं पलीकडे राहतो आणि वर पैसे मागतो. नुसतं बघायचे पैसे? छे. त्यापेक्षा हौसेची नंबरप्लेट घ्यावी.

फुकटची परीक्षा टाळणं मात्र कठीण. दमलेलं इंजिन गार असताना निमूट सुरू होतं, रुसतं ते तापल्यावर. म्हणून वीस मिनिटं चालवायची, बंद करायची, थोडं थांबून पुन्हा किल्ली फिरवायची. यात विकणारा तुम्हाला मदत करेल. फेरी मारून आलात की तो इंजिन चालूच ठेवून कागद दाखवायला लागेल. तुम्ही ‘हं, हं’ करत टायरला बुटाने हलकेच लाथ मारा. त्या लाथेतून आजवर कोणाला काय कळलं ते टायरलाच ठाऊक, पण त्याशिवाय गाडी बघितल्यासारखं वाटत नाही.

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. कधी किती मैल झाले, कशात नापास, कुठे गंज. सलग तीन वर्षं ‘मागच्या बाजूला खाली गंज’ आणि चौथ्या वर्षी तो उल्लेखच नाही, म्हणजे गंज बरा झाला. (वरून काळा रंग फासला असेल, असं म्हणणारे जन्माचे शंकेखोर.) दोन वर्षांत चारशेच मैल चालली असेल तर खूश व्हा. या इंजिनाला बसून राहणं मानवत नाही म्हणतात. तुम्हालाही कुठे मानवतं, पण बसताच की!

रस्ता कराची गंमत वेगळीच. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली असेल तर कर एका पायरीवर अडवलेला आहे, नंतरचीला वर्षाला सातशे पौंडांच्या पुढे. जुनीच स्वस्त पडते! घरी सांगताना ‘बचत’ हा शब्द वापरा. मागची दारं उलटी उघडतात आणि सीट चार आहेत, तेव्हा ‘फॅमिली गाडी’ हाही शब्द बसतो. रोटरच्या पट्ट्या ओल्या राहाव्यात म्हणून हे इंजिन तेल मुद्दामच जाळतं, ते मात्र सांगू नका. डिकीतला तेलाचा डबा दिसला तर तो आधीच्या गाडीचा.

एक गोष्ट मात्र घरापासून लपणार नाही. गार इंजिन सुरू करून चार फूट हलवलं आणि लगेच बंद केलं, तर आतले प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. म्हणून एकदा चालू केली की पुरती तापेपर्यंत, तापमानाचा काटा बघत बसायचं, बंद करायची नाही.

तर आता शुक्रवारची रात्र आहे, साडेदहा वाजलेत. पाहुण्यांची गाडी आत अडकली म्हणून तुम्ही पायजम्यावर बाहेर येऊन आपली लाल गाडी चार फूट मागे घेतलीत. पाहुणे गेले. तुम्ही आतच बसून आहात, इंजिन घुरघुरतंय, समोरच्या घराचा पडदा दुसऱ्यांदा हललाय.

वरच्या खिडकीतून आवाज येतो, “अरे, काय करतोयस तिथं? बंद कर ना ती!”

“आलोच. काटा अर्ध्यावर आलाय.”