वाईट झालं, पण...

आज सकाळी परत पुण्यातल्या ओंकारेश्वरच्या पुलावरून गेलो. तसा रोजचाच रस्ता आहे पण ऑगस्ट आला की तिथे गाडी आपोआप स्लो होते.

20 ऑगस्ट 2013. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे डॉक्टर दाभोलकर नेहमीसारखे फिरायला निघालेले आणि ह्याच पुलावर दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय 67. त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये एक काका, एकदम सज्जन माणूस, स्कूटर पुसता पुसता म्हणाले "वाईट झालं रे, पण जरा जास्तच बोलायचे ते."

तो "पण" माझ्या डोक्यातून जातच नाही.

जास्त म्हणजे काय बोलायचे? देव माना नाहीतर मानू नका, देवाच्या नावावर लोकांना लुबाडू नका, एवढंच ना? जादूटोण्याविरुद्ध कायदा करा म्हणून माणूस वर्षानुवर्षं चपला झिजवत होता, सरकारला वेळ मिळेना, आणि तो गेल्यावर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. असो.

मग फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते पानसरे अण्णांना गोळ्या घातल्या. 81 वर्षांचे, पत्नी उमाताईंबरोबर सकाळी फिरून घरी येत होते. त्याच वर्षी धारवाडला कन्नड अभ्यासक कलबुर्गी सर स्वतःच्या घरात, 2017 ला बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश घराच्या दारात. सभेत नाही, मोर्चात नाही, चौघांनाही रोजच्या सवयीत गाठलंय. म्हणजे कुणीतरी बसून टिपून ठेवलं होतं की हा माणूस किती वाजता निघतो, कुठून वळतो. हे डोक्यात आलं ना की अंगावर काटा येतो राव.

दाभोलकरांच्या केसचा निकाल मे 2024 ला लागला, जवळजवळ 11 वर्षांनी. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, बाकी तिघं पुराव्याअभावी सुटले. झाडायला लावणारा कोण, ते तेव्हाही कोर्टात सिद्ध झालं नाही.

आता कुणीतरी खाली "मग त्यांच्यातले कट्टर दिसत नाहीत का" लिहिणारच आहे. दिसतात की. पण माझ्या घरातला कचरा मी आधी काढणार ना, शेजाऱ्याच्या घरात झाडू घेऊन कशाला घुसू?

माझा एक मित्र शाळेत शिक्षक आहे. पोरांसमोर जिभेवर कापूर जाळून दाखवायचा, मग त्यामागचं सायन्स समजावायचा, पोरं जाम खूश. दोनेक वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, सर तुमचं बरोबर आहे पण पालकांचे फोन येतात, उगाच कशाला. धमकी नाही, मेमो नाही, काहीच नाही. ह्याने कापूर बंद केला. आता विज्ञान दिनाला ज्वालामुखीचं मॉडेल करतात, व्हिनेगर नि सोडा, कुणाच्याच भावना दुखावत नाहीत.

आणि मी तरी कोण मोठा शूर? परवा शाळेच्या ग्रुपवर कुठल्याशा बाबाच्या पाण्याने कॅन्सर बरा होतो असा फॉरवर्ड आला. चार ओळी टाईप केल्या, मग तिथे कोण कोण आहे ते आठवलं, डिलीट केल्या आणि गुड मॉर्निंगच्या गुलाबाला थम्सअप देऊन बाहेर पडलो.

हे लिहिलेलं आत्ता आईला वाचून दाखवलं. म्हणाली छान लिहिलंयस, पण पब्लिक ठेवू नकोस हं, फ्रेंड्स ओन्ली कर. आणि तो पूल कुठला, तू किती वाजता जातोस, ते आधी काढ त्यातून.

वेळ काढलीये. पूल ठेवलाय.